प्रमाणपत्र लागतं, कारण समोरचा माणूस मुरलेला असतो

‘लहान उद्योगांची बाजू मांडायला सरकारी खरेदीचं प्रमाणपत्र कशाला?’ हा प्रश्न वाजवी आहे. पण अमेरिकेत एसबीएच्या (लहान उद्योगांसाठीच्या सरकारी संस्थेच्या) प्रोक्युअरमेंट सेंटर रिप्रेझेंटेटिव्हचं काम नेमकं काय, ते बघा. ‘हे कंत्राट लहान कंपन्यांसाठी राखीव का नाही?’ असं त्याने काँट्रॅक्टिंग ऑफिसरला, म्हणजे सरकारी कंत्राटं देणाऱ्या अधिकाऱ्याला, विचारायचं. समोरचा माणूस नियम कोळून प्यायलेला. ह्याला ते अर्धवट माहीत असतील, तर पहिल्याच बैठकीत गप्प बसावं लागेल!

म्हणूनच जानेवारी २०१३मध्ये झालेल्या संरक्षण खर्चाच्या कायद्याने या पदाला एफएसी-सीची, म्हणजे सरकारी खरेदीच्या केंद्रीय प्रमाणपत्राची, तिसरी, तेव्हाची सर्वात वरची पातळी सक्तीची केली. आधीपासून पदावर असलेल्यांना ५ वर्षांची सवलत दिली. ८(ए) या वंचित गटांतल्या लहान उद्योजकांसाठीच्या योजनेतल्या कंपन्या सांभाळणाऱ्या अधिकाऱ्यांना पहिली पातळी पुरत होती.

‘लेव्हल थ्री’साठी आता धडपडू नका मात्र. फेब्रुवारी २०२३पासून पातळ्याच गेल्या. एकच ‘प्रोफेशनल’ प्रमाणपत्र राहिलं. कायद्यात ‘किंवा त्याजागी येणारं प्रमाणपत्र’ असे शब्द आधीच होते, त्यामुळे घोळ झाला नाही. हे प्रमाणपत्र टिकवायला दर २ वर्षांनी १०० लर्निंग पॉइंट्स (प्रशिक्षणाचे गुण) लागतात, आणि खरी दमछाक माझ्या मते तिथेच होते.