आल्या दिवशी कूसही बदलता न येणाऱ्या आजी: फ्रेल्टी स्कोअर किती धरायचा?

मेडिसिन_रेसिडेंट:
८२ वर्षांच्या आजी, वजन ४० किलो, इन्फ्लुएन्झा ए पॉझिटिव्ह, २ लिटर ऑक्सिजनवर. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) १.०. आल्या तेव्हा कूससुद्धा बदलता येत नव्हती, म्हणून कॅज्युअल्टीच्या कागदावर क्लिनिकल फ्रेल्टी स्केल (म्हातारपणातला अशक्तपणा मोजणारी १ ते ९ ची पट्टी, आकडा मोठा तितका अशक्तपणा जास्त) ७ लिहिलंय. मुलगा म्हणतो, "आई ठणठणीत होती." सून म्हणते, "त्यांचं सगळं आम्हीच बघतो." आयसीयूचा विषय निघाला की हाच आकडा पुढे येणार. तो नेमका काढायचा कसा?

वार्धक्यवैद्यक:
आधी ते ७ खोडा. स्कोअर आजचा नसतो, दुखणं लागण्याआधीचा, साधारण दोन आठवड्यांपूर्वीचा असतो. तापाने आडवा झालेला धडधाकट माणूसही आज ७ दिसेल.

गोळ्या, पैसे, स्वयंपाक, लांबचा प्रवास यांत मदत लागते तो ५. आंघोळीला कुणी लागतं, जिन्याला अडतं, तो ६. स्वतःचं सगळंच दुसऱ्याच्या हातून, तो ७.

आपल्या घरांत घोळ होतो तो 'करत नाहीत' आणि 'करता येत नाही' यांत. बँकेचं आयुष्यभर आजोबांनीच पाहिलं, सून आली तशी चूल सुटली. हा काही अशक्तपणाचा पुरावा नव्हे. सुनेला विचारा: तुम्ही चार दिवस माहेरी गेलात तर त्या स्वतःपुरता कुकर लावतील का? अंगावर पाणी स्वतः घेतात का? संडासात बसून आधाराशिवाय उठतात का? मुलगा परगावी राहत असेल तर त्याचं 'ठणठणीत' फोनवरचं असतं, हे धरून चाला.

आकड्याला वजन आहे, नाही असं नाही. २०२० च्या कोप अभ्यासात (ब्रिटनमधली १० रुग्णालयं आणि इटलीतलं एक, १५६४ कोविड रुग्ण) वय आणि सहव्याधी जमेस धरूनही, १–२ स्कोअरच्या तुलनेत ५–६ ला मृत्यूचा धोका १.८३ पट आणि ७–९ ला २.३९ पट निघाला. हे कोविडचं, फ्लूला जसंच्या तसं चिकटवू नका. पण ५ च्या जागी ७ लिहिण्याने काय बिघडतं ते दिसतं. शिवाय हे गटाचे आकडे आहेत. तुमच्या आजींचं काय होईल, ते यातून कळत नाही.

क्लिनिकल_फार्मसी:
क्रिएटिनिन १.० बघून ओसेल्टामिविर (फ्लूचं औषध) ७५ मिग्रॅ दिवसातून दोनदा लिहून मोकळे होऊ नका. अंगावर स्नायूच नसले की क्रिएटिनिन वाढतच नाही. कॉकक्रॉफ्ट-गॉल्टने (वय, वजन आणि क्रिएटिनिनवरून मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता काढायचं सूत्र): (१४० − ८२) × ४० ÷ ७२ × ०.८५ = मिनिटाला सुमारे २७ मिली. म्हणजे ३० मिग्रॅ दिवसातून एकदा, ५ दिवस. ३० ते ६० मध्ये असत्या तर ३० दोनदा. झोपेची गोळी, अ‍ॅव्हिल (अ‍ॅलर्जीचं औषध) असलं काही चार्टवर असेल तर आजच काढा. यातूनच भ्रम (डिलिरियम, आजारपणात अचानक होणारा मनाचा गोंधळ) सुरू होतो.

फिजिओ:
भ्रमासाठी ४एटी (खाटेशी करायची छोटी चाचणी) रोज करा. त्यातले डिसेंबरपासून उलटे महिने न शिकलेल्या आजींना जमणार नाहीत, तिथे अडून बसू नका. गुंगी आणि अचानक झालेला बदल यांना प्रत्येकी ४ गुण आहेत, आणि एकूण ४ झाले की भ्रम असण्याची शक्यता धरायचीच. चष्मा, कवळी, कानातलं मशीन घरी राहिलंय का बघा. निम्म्या वेळा राहिलेलं असतं.

ऑक्सिजनची नळी लांब घ्या आणि प्रत्येक जेवणाला खुर्चीत बसवा. 'सोय' म्हणून घातलेलं लघवीचं कॅथेटर काढा, नाहीतर त्या पलंगालाच बांधल्या जातात. निरोगी वृद्धांना १० दिवस नुसतं झोपवून ठेवलं तरी पायांतलं जवळपास १ किलो मांस गेल्याचं मोजलेलं आहे. यांच्याकडे तेवढं घालवायला नाही.

खाण्याचं: किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं, म्हणजे ४८ ते ६०. घरून येते पेज आणि साबुदाण्याची खीर. पेजेत प्रथिनं नावालाच, खिरीत दुधाची तेवढीच. अंडं (६ ग्रॅम), पनीर, घट्ट वरण मागवा. मूत्रपिंडाचा आजार आधीपासून असेल तर आकडा नेफ्रोला (मूत्रपिंडतज्ज्ञांना) विचारून.

मेडिसिन_रेसिडेंट:
सुनेला विचारलं. कुकर लावतात, आंघोळ स्वतःची स्वतः, गोळ्या मात्र काढून द्याव्या लागतात, बाजारात एकट्या जात नाहीत. म्हणजे ५?

वार्धक्यवैद्यक:
५. शेजारी तारीख, 'आजारापूर्वीची स्थिती' आणि माहिती कुणी दिली ते लिहा. आणि ६५ च्या आतल्या किंवा दीर्घकाळ स्थिर अपंगत्व असलेल्या रुग्णाला ही पट्टी लावू नका. ब्रिटनच्या नाइसला (उपचारांच्या मार्गदर्शिका काढणारी संस्था) मार्च २०२० मध्ये, कोविडच्या अतिदक्षता उपचारांची मार्गदर्शिका काढल्यावर पाचच दिवसांत, हीच दुरुस्ती करावी लागली होती.