तामिळनाडूची पासबुकं

'सल्लागारांवरचा खर्च बंद करा, तोच पैसा औषधांवर घाला,' असं सरकारी आरोग्य खात्याबद्दल एकाने म्हटलंय. चीड समजते, नुसते अहवाल लिहिणारे सल्लागार मीही पाहिलेत. पण आधीचीच खरेदीपद्धत ठेवून पैसा वाढवला, तर गोदामात मुदत संपलेल्या गोळ्यांचे खोके वाढतील, एवढंच.

तामिळनाडूने १९९४ मध्ये औषधखरेदीसाठी स्वतंत्र महामंडळ काढलं. जिल्ह्याजिल्ह्यात गोदामं आणि प्रत्येक दवाखान्याला पासबुक, अगदी बँकेसारखं. वर्षभराची रक्कम त्यात जमा, औषध उचललं की तेवढी वजा. त्यामुळे काय हवं ते डॉक्टर ठरवतो, मुंबईतला (तिथे चेन्नईतला!) बाबू नाही. आलेल्या मालाचे नमुने उत्पादकाचं नाव झाकून प्रयोगशाळेत जातात, पास झाल्याशिवाय माल हलत नाही. अशी पद्धत बसवून देणं, ही सल्लागारांकडून हवी ती खरी तांत्रिक मदत. राजस्थानने २०११ मध्ये मोफत औषध योजना आणताना हीच वाट धरली.

आपण महाराष्ट्रात २०१७ मध्ये खरेदी हाफकिन या सरकारी महामंडळाकडे दिली आणि २०२३ मध्ये कायदा करून वेगळं प्राधिकरण काढलं. पाटी बदलली, ठीक. पण प्राथमिक आरोग्य केंद्राच्या फार्मासिस्टला साठा ऑनलाइन भरायला शिकवणारं, अडलं तर फोन उचलणारं माणूस तालुक्याला आहे का? मी आधी ते विचारेन.