वर्कफ्लो लाइव्ह जायच्या आधी ॲप्रूव्हल देताना नक्की बघायचं काय?

फ्लोवाला_नवखा

आमच्याकडे चाळीसेक ऑटोमेटेड वर्कफ्लो आहेत, बिलं पाठवणं, रिमाइंडर मेल, रात्रीचा डेटा सिंक असलं सगळं. नियम असा की एकाने बनवायचं आणि दुसऱ्याने ॲप्रूव्ह केल्याशिवाय लाइव्ह जायचं नाही. गेल्या महिन्यापासून तो दुसरा म्हणजे मी. खरं सांगू का, मी ते चौकोन आणि बाण बघतो, नावं ठीक वाटतात, टेस्ट रन हिरवा असतो, ॲप्रूव्ह दाबून मोकळा होतो.

मंगळवारी रिमाइंडरचा एक फ्लो असाच सोडला आणि ज्यांनी पैसे कधीच भरलेत त्यांनाही थकबाकीचा मेल गेला, काहींना तर तीन तीनदा. नंतर बघितलं तर टेस्ट एकाच रेकॉर्डवर केलेली, त्यात स्टेटस व्यवस्थित भरलेलं. खऱ्या डेटात कित्येक ठिकाणी ते रिकामंच. आणि अट काय, तर स्टेटस 'पेड' नसेल तर मेल पाठव. आता रिकामं म्हणजे 'पेड' नाहीच की. मॅनेजर म्हणतात तू ॲप्रूव्ह केलंस ना मग. त्यांचंही चूक नाही, पण मी बघायला काय हवं होतं ते कोणीतरी सांगा, नुसतं "नीट चेक कर" सोडून.

टेस्टर_ताई

चित्र बघणं बंद कर आधी. चित्रात चूक दिसत नाही, डेटात दिसते. बनवणाऱ्याकडून ड्राय रन मागायचा, म्हणजे मागच्या आठवड्याचा खरा डेटा घ्यायचा, सगळ्या स्टेप चालवायच्या, फक्त शेवटी मेल न पाठवता कोणाला काय गेलं असतं ते एका शीटमध्ये उतरवायचं. मग पहिल्यांदा नुसता आकडा बघ. थकबाकीवाले साठेक असतील आणि शीटमध्ये आठशे ओळी आल्या तर फ्लो उघडून वाचायचीही गरज नाही, सरळ परत पाठव. आकडा पटला की मग मधल्या कुठल्याही दहा ओळी हाताने ताडून बघ.

तीन तीनदा गेले ते बहुतेक रिट्रायमुळे. मेल जातो पण सर्व्हरचं उत्तर यायला उशीर होतो, फ्लोला वाटतं फेल झालं, की पुन्हा पहिल्यापासून. त्यामुळे प्रत्येक फ्लोच्या वेळी विचारायचं, हा मध्येच तुटून परत चालला तर काय होईल? "तसं होत नाही" असं उत्तर आलं तर समजायचं की विचारच केलेला नाही. बिल नंबरपुढे 'पाठवलं' अशी खूण ठेवायची आणि पाठवायच्या आधी ती बघायची, एवढं केलं तरी पुष्कळ वाचतं.

रात्रपाळी

ताईंचं बरोबर आहे, पण ॲप्रूव्हल नुसतं फ्लोचं नसतं, तो चढवतात कसा तेही बघावं लागतं. नाइट कॅपिटलचं प्रकरण माहीत असेल, १ ऑगस्ट २०१२, अमेरिकेतली शेअर ट्रेडिंग कंपनी. ८ सर्व्हरवर नवा कोड चढवायचा होता, एकावर राहून गेला. त्या एकावर कित्येक वर्षं वापरात नसलेला जुना कोड तसाच पडून होता आणि तो चालू करणारा फ्लॅग (चालू-बंद ठरवणारी खूण) यांनी नव्या कामासाठी परत वापरलेला. मार्केट उघडलं आणि तो सर्व्हर सुटला ऑर्डरी टाकत, ४५ मिनिटांत ४४ कोटी डॉलरच्या वर नुकसान. नंतर नियामकाच्या चौकशीत आलं की आठही सर्व्हरवर कोड गेला का हे दुसऱ्या माणसाने बघितलंच नव्हतं, तसा लेखी नियमही नव्हता. त्या दिवशी मार्केट उघडायच्या आधी सिस्टीमने ९७ मेल पाठवले होते, पण ते अलर्ट म्हणून कोणी बघायचंच नव्हतं.

मला त्यातला सगळ्यात जास्त लागलेला भाग वेगळाच आहे. गडबड कळल्यावर यांनी उरलेल्या ७ सर्व्हरवरचा नवा, बरोबर असलेला कोड काढला. म्हणजे तिथेही जुना सुरू! तेव्हापासून मी सही करायच्या आधी एकच विचारतो, हा बंद कसा करायचा, दाखव. सांगू नको, माझ्यासमोर बंद करून दाखव.

क्रॉनची_कटकट

चाळीस फ्लोंना एवढं करत बसलास तर दिवाळी काय, होळीसुद्धा ऑफिसातच. जे परत फिरवता येत नाही, म्हणजे मेल, पैसे, डिलीट, त्याला पूर्ण सोपस्कार. शीटमध्ये रिपोर्ट भरणाऱ्या फ्लोला पाच मिनिटं बास.

आणि टूलच्या भरवशावर राहू नका. गिटहब ऍक्शन्स (कोडची कामं आपोआप चालवणारं टूल) यात एन्व्हायर्नमेंटला, म्हणजे काम जिथे लाइव्ह चढतं त्या जागेला, ६ पर्यंत रिव्ह्यूअर लावता येतात, पण त्यातल्या एकाने होकार दिला की काम पुढे जातं. सहा नावं बघून प्रत्येकाला वाटतं बाकीचे बघतील. ज्याने रन सुरू केला त्यालाच ॲप्रूव्ह करता येऊ नये असं हवं असेल तर तो पर्याय वेगळा टिक करावा लागतो. तिथला शेड्यूल मुळात यूटीसीत, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या वेळेत चालतो हेही जाता जाता, सकाळचा रिपोर्ट भलत्याच वेळी आला की आठवेल.

फ्लोवाला_नवखा

अपडेट. तोच फ्लो दुरुस्त होऊन परत आला, ताईंनी सांगितलेली 'पाठवलं'ची खूणही घातलेली. ड्राय रन मागितला. थकबाकीवाले ५८, शीटमध्ये ओळी वाढतच चालल्या, तीनशेच्या पुढे गेल्यावर हाताने थांबवला. कारण काय तर ट्रिगर होता 'रो अपडेट झाली की', आणि ती खूण त्याच रोमध्ये लिहिली जायची, म्हणजे खूण लिहिली की फ्लो परत जागा. खूण आधी तपासायची स्टेप होती, पण ती मेलच्या नंतर लावलेली 🤦

बंद करून दाखव म्हटलं तर बनवणाऱ्यालाही बटण सापडायला चार मिनिटं लागली.

टेस्टर_ताई

चार मिनिटांत किती मेल गेले असते ते मोज आणि तो आकडा मॅनेजरना दाखव.