'शुद्ध' बोलण्याचा धाक
मालवणी माणूस मुळातच अबोल, परक्याशी खुलत नाही, असं काही जण म्हणतात, ते मला पटत नाही. तो अबोल नाही, त्याला आपल्या बोलीची लाज वाटायला शिकवलंय. आमची आजी पडवीत सुपारी कातरत तास तास गजाली (गप्पा) करायची. पण तिची बोली प्रमाण मराठीहून वेगळी. प्रमाण मराठीत बाई 'जाते' म्हणते, पुरुष 'जातो'. मालवणीत दोघांचंही 'मी जातंय'. कणकवलीला बँकेत आजी 'पैसे काढूक इलंय' (पैसे काढायला आलेय) म्हणाली आणि काउंटरवरचा माणूस हसला. त्यानंतर तिथे ती फक्त स्लिप पुढे सरकवायची, तोंडातून शब्द नाही.

गणपतीला मुंबईहून नातवंडं आली की त्यांच्याशीही ती अडखळत 'शुद्ध' बोलायची. याचं मला आजही फार वाईट वाटतं. माझ्या मुलीशी मी घरात मालवणीतच बोलतंय.