पितळी तोफ-पुंगळी नेमकी कोणत्या तोफेची?

प्रश्न
घरातील जुन्या सामानात तोफेची एक रिकामी पितळी पुंगळी (गोळा फेकणारी दारू भरायचे नळकांडे) मिळाली असून तिची उंची टेपने मोजल्यावर साधारण २९.४ सेंमी भरली. वर्षानुवर्षे घासून चकचकीत ठेवल्यामुळे बुडावरील अक्षरे पुसट झाली आहेत. ‘१९’ नंतरचे अंक लागत नाहीत. उंचीवरून ती दुसऱ्या महायुद्धातील पंचवीस-पाउंडर तोफेची असावी, असा माझा तर्क आहे. तो बरोबर आहे का?

प्रतिसाद १
नुसत्या उंचीवर विसंबू नये. पंचवीस-पाउंडरची पुंगळी २९२ मिमी, तर पहिल्या महायुद्धातील ब्रिटिश अठरा-पाउंडरची २९५ मिमी. टेपच्या मोजणीत हा फरक सहज हरवतो. तोंडाचा आतला व्यास मात्र व्हर्नियरने मोजावा, आणि तोही दोन दिशांनी, कारण जुन्या पुंगळ्यांची तोंडे बहुधा चेपलेली असतात. अठरा-पाउंडरच्या नळीचा व्यास ८३.८ मिमी होता आणि गोळा पुंगळीतच घट्ट बसवलेला असे, त्यामुळे व्यास ८४ च्या आसपास यायला हवा. पंचवीस-पाउंडरची नळी ८७.६ मिमीची असून तिच्यात गोळा आणि पुंगळी वेगवेगळी भरत.

प्रतिसाद २
त्याआधी बुडाच्या मध्यभागचा प्रायमर, म्हणजे दारू पेटवणारी टोपी, पाहावा. त्यावर तोफ डागताना तिच्या टाचणीच्या आघाताने पडणारा खळगा नसेल, तर पुंगळी ठोकू, तापवू किंवा उघडू नये. ती आहे तिथेच ठेवून पोलिसांना कळवावे. खळगा असेल, तर बुडावर पातळ कागद ठेवून मऊ पेन्सिल आडवी धरून हलक्या हाताने फिरवावी. डोळ्यांना न दिसणारी अक्षरे कागदावर बऱ्याचदा उमटतात. आणि कृपा करून पॉलिश आता थांबवा, त्यानेच निम्मी ओळख गेली आहे.

प्रश्नकर्ता
खळगा स्पष्ट आहे. तोंडाचा व्यास दोन्ही दिशांनी ८४ मिमीच्या जवळपास आला. कागदावर ‘१८ पीआर’, रोमन दोन, ‘सीएफ’, तीन रेघांचा बाण आणि १९१६ असे उमटले.

प्रतिसाद १
मग शंका उरत नाही: ‘पीआर’ म्हणजे पाउंडर, म्हणून पुंगळी अठरा-पाउंडरची, आणि रोमन दोनवरून मार्क दोनची, म्हणजे दुसऱ्या आवृत्तीची आहे. ‘सीएफ’ म्हणजे कॉर्डाइट या तोफेच्या दारूचा पूर्ण भार, आणि बाण ही ब्रिटिश सरकारी मालमत्तेची खूण. फक्त १९१६ हे पुंगळी घडवल्याचे वर्ष समजावे, डागल्याचे नव्हे. वापरलेल्या पुंगळ्या कारखान्यात परत नेऊन पुन्हा भरल्या जात.