"तुम्ही या जागेसाठी ओव्हरक्वालिफाइड आहात" याला मुलाखतीत काय उत्तर द्यावं?

पिपेट

नमस्कार. बरेच दिवस नुसती वाचक होते, आज पहिल्यांदा धागा काढते आहे. जरा लांबण लागेल, पण सगळं सांगितल्याशिवाय नेमका सल्ला मिळणार नाही असं वाटतं.

माझं वय ४५. औषधांची गुणवत्ता तपासणाऱ्या प्रयोगशाळांत १९ वर्षं काम केलं, त्यातली शेवटची ७ विभागप्रमुख म्हणून. गेल्या वर्षी आमचा विभाग बंद झाला. ८ महिने झाले, मी नोकरी शोधते आहे.

प्रमुखाच्या जागा मुळात कमी निघतात. पण मनापासून सांगते, मला त्या नकोच आहेत. ७ वर्षं मी सह्या केल्या. ऑडिटची तयारी, विचलनांचे (ठरलेल्या पद्धतीपासून ढळल्याचे) अहवाल, कोणाची रजा कधी, कोणाचं प्रशिक्षण राहिलं. मला परत एचपीएलसीवर, म्हणजे औषधातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या उपकरणावर, बसायचं आहे. सकाळी मोबाइल फेज (नमुना वाहून नेणारं द्रावण) बनवून गाळून घ्यायचा, कॉलममधून (घटक वेगळे करणाऱ्या नळीतून) सोडायचा आणि बेसलाइन, म्हणजे आलेखाची पायाची रेघ, सपाट होईपर्यंत वाट बघायची. त्या अर्ध्या तासात माझं डोकं जितकं शांत असायचं तितकं प्रमुखाच्या खुर्चीत कधीच नव्हतं. म्हणून विश्लेषक आणि वरिष्ठ विश्लेषक या जागांसाठी अर्ज करते आहे.

आतापर्यंत ५ मुलाखती झाल्या. त्यातल्या तीन ठिकाणी घुमवून फिरवून एकच वाक्य ऐकलं. पहिल्या ठिकाणी समोरचा मुलगा माझ्याहून बारा-पंधरा वर्षांनी लहान असेल. अगदी अदबीनं म्हणाला, "मॅडम, खरं तर आम्हीच तुमच्याकडून शिकायला हवं." मी खूश होऊन घरी आले आणि चौथ्या दिवशी नकाराची मेल आली. दुसऱ्या ठिकाणी विचारलं, "रोज तेच नमुने, तेच काम, तुम्हाला कंटाळा नाही येणार?" मी म्हटलं, "अजिबात नाही येणार." संपलं. पुढे कोणी काही विचारलं नाही आणि मलाही काही सुचलं नाही.

तिसरी मुलाखत सगळ्यात जिव्हारी लागली. चाळीस मिनिटं नुसती तांत्रिक चर्चा. पीकचा रिटेन्शन टाइम, म्हणजे घटक कॉलममधून बाहेर यायला लागणारा वेळ, सरकायला लागला तर काय काय बघाल? मोबाइल फेजचं प्रमाण, पीएच, तापमान, प्रवाहाचा वेग, कॉलमचं वय, सगळं क्रमानं सांगितलं. मग त्यांनी त्यांची एक कार्यपद्धती दाखवली. मी तिच्यातल्या दोन त्रुटी तिथल्या तिथे दाखवून दिल्या. खोलीत एकदम शांतता. "कळवतो" म्हणाले. कळवलं ते हेच, की तुमचा अनुभव या जागेपेक्षा फार मोठा आहे.

मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. हे खरं कारण असतं की वय झालं हे सभ्य भाषेत सांगायची रीत? रेझ्युमेतून पीएचडी आणि विभागप्रमुखपद काढून टाकू का? आणि समोर बसल्यावर नेमकं काय बोलू? आता आत जातानाच पोटात गोळा येतो.

उंबरठा

पिपेट, मी १२ वर्षं भरतीचं काम करतो आहे. टेबलाच्या पलीकडून काय दिसतं ते सांगतो.

"ओव्हरक्वालिफाइड" या शब्दामागे बहुतेक वेळा एक भीती असते, तुमच्या ज्ञानाबद्दलचा निर्णय नसतो. ही बाई चांगली संधी मिळाली की सहा महिन्यांत जाईल. पगारावरून कुरकुर करेल. हाताखाली राहणार नाही. कधी कधी वयच असतं, ते नाकारत नाही. पण मुलाखतीला बोलावलं तेव्हा तुमचा रेझ्युमे त्यांनी वाचलेला होता. म्हणजे भीती असूनही त्यांना तुम्हाला बघायचं होतं. तिथे गेल्यावर ती भीती कमी झाली नाही, एवढंच झालं.

ही भीती किती जुनी आणि किती घट्ट आहे याचं एक प्रसिद्ध उदाहरण सांगतो. अमेरिकेतल्या न्यू लंडन नावाच्या छोट्या शहरात रॉबर्ट जॉर्डन यांनी पोलीस भरतीसाठी १९९६ मध्ये बुद्धिमापन चाचणी दिली. ५० पैकी ३३ गुण मिळाले. शहरानं मुलाखतीला बोलावले ते २० ते २७ गुणवाल्यांना. कारण दिलं की जास्त हुशार माणूस या कामाला कंटाळतो आणि प्रशिक्षणाचा खर्च करून झाल्यावर सोडून जातो. जॉर्डन कोर्टात गेले. २००० मध्ये अपील कोर्टानं शहराच्या बाजूनं निकाल दिला. जास्त गुणवाले खरंच जास्त नाराज होतात का, यावर जॉर्डन यांनी थोडा उलट पुरावाही दिला होता. कोर्टाचं म्हणणं असं, की शहराचा निर्णय बरोबर होता की चूक हा मुद्दाच नाही, तो तर्काला धरून होता एवढं पुरे.

तुमच्यासमोर बसलेल्या माणसाच्या डोक्यातही हेच चालू असतं. आपला समज खरा आहे का हे तपासायची त्याच्यावर सक्ती नाही, म्हणून तो समज तुम्हालाच मोडावा लागतो. आणि "अजिबात कंटाळा येणार नाही" यानं तो मोडत नाही. ते नुसतं आश्वासन झालं. तुम्ही इथे बेसलाइनबद्दल जे लिहिलंत ना, ते तिथे बोललात का?

त्यांनी विषय काढायची वाट बघू नका. पहिल्या दहा मिनिटांत तुम्हीच काढा. "माझा रेझ्युमे बघून तुम्हाला वाटलं असेल, ही इथे का आली?" असं स्वतः म्हणा आणि उत्तर द्या. पगाराचा टप्पा जाहिरातीत असेल तर तो वाचूनच अर्ज केलाय हेही सांगून टाका.

एक विचारू का? ७ वर्षं प्रमुख होतात म्हणजे मुलाखती घेतल्याही असतील. या कारणावरून कधी कोणाला नाकारलंत का?

मधली_ओळ

दुसऱ्या प्रश्नावर लिहिते, कारण त्यात पाय घसरायची भीती आहे.

रेझ्युमे आणि अर्जाचा फॉर्म या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रेझ्युमेत काय वर ठेवायचं, काय खाली न्यायचं आणि कशाला एक ओळ द्यायची हे आपल्या हातात असतं. फॉर्मवर मात्र "संपूर्ण शैक्षणिक पात्रता लिहा" असं असतं आणि खाली "वरील माहिती खरी आहे" म्हणून सही असते. तिथे लपवाछपवी नको म्हणजे नको.

सर्वोच्च न्यायालयाचा नोव्हेंबर २०२० मधला निकाल आठवून बघा. एका बँकेत शिपायाच्या जागेसाठी उमेदवार पदवीधर नसावा अशी अट जाहिरातीतच होती. एका पदवीधरानं पदवी लपवून अर्ज केला आणि निवडही झाली. नंतर पदवी उघडकीला आली. उच्च न्यायालयानं त्याच्या बाजूनं निकाल दिला होता, सर्वोच्च न्यायालयानं तो फिरवला. कारण दोन: अट मान्य नव्हती तर आधीच आव्हान द्यायचं होतं, आणि महत्त्वाची माहिती जाणूनबुजून दडवणारा नोकरीवर हक्क सांगू शकत नाही. त्या माणसाची गरज मला कळते, वाचताना वाईटही वाटतं. पण लपवलेल्या गोष्टीवर उभी असलेली नोकरी कधीही पायाखालून जाऊ शकते.

शिवाय पीएचडी काढली तर तेवढी वर्षं रिकामी दिसतील. "तेव्हा काय करत होतात?" या प्रश्नाचं उत्तर पीएचडीपेक्षा अवघड जाईल. ती शेवटच्या पानावर एका ओळीत राहू द्या. पहिल्या पानावर हातानं केलेलं काम येऊ द्या, कोणती उपकरणं, कोणत्या चाचण्या, शेवटचं विश्लेषण स्वतः कधी केलं. विभागप्रमुखपद खोडू नका. फक्त त्याखालचे "३० जणांचं नेतृत्व" छापाचे आठ मुद्दे असतील तर ते दोनावर आणा.

संध्याकाळची_पाळी

ताई, मी याच वाटेनं गेलोय. मोठ्या प्रकल्पाचा प्रमुख होतो, आता दोन वर्षं झाली, एका टीममध्ये साधा सदस्य आहे. मुलाखतीबद्दल वरच्यांनी लिहिलंच आहे, म्हणून मी पुढचं लिहितो.

रुजू झाल्यावरचे पहिले तीन महिने कठीण गेले. प्रत्येक बैठकीत जिभेवर यायचं, "आम्ही हे असं करायचो." मी ते वहीत लिहून ठेवायचो, बोलायचो नाही. तीन महिन्यांनी वही उघडली तर निम्म्या सूचना चुकीच्या निघाल्या, कारण इथली कारणं मला तेव्हा माहीत नव्हती. उरलेल्यातल्या दोन मी साहेबांना एकट्यात सांगितल्या. ते म्हणाले, "कसं करायचं ते तुम्हीच ठरवा, मला फक्त तारीख सांगा." त्या दिवसापासून मला हे काम आपलं वाटायला लागलं.

पुढे कळलं की बेरिन एर्दोगान आणि तालिया बाउअर या संशोधकांनी २००९ मध्ये हेच मांडलं होतं. त्यांनी दुकानांच्या एका साखळीतले कर्मचारी पाहिले. आपली पात्रता कामापेक्षा जास्त आहे असं वाटणं नोकरी सोडण्याकडे नेतंच असं नाही. स्वतःच्या कामात ठरवायची मोकळीक असेल तर तो परिणाम बोथट होतो. म्हणून मुलाखतीत तुम्हीही विचारा की या जागेवरचा माणूस स्वतः काय काय ठरवू शकतो. उत्तर "काहीच नाही" असेल तर ती नोकरी तुम्हीच नाकारलेली बरी.

पिपेट

सगळ्यांचे मनापासून आभार. उंबरठा, तुमच्या शेवटच्या प्रश्नानं दोन दिवस झोप लागली नाही.

हो, नाकारलं होतं. प्रमुख होऊन मला तेव्हा वर्षच झालं होतं. विश्लेषकाच्या जागेसाठी एक गृहस्थ आले, पन्नाशीच्या पुढचे, एक अख्खी प्रयोगशाळा शून्यापासून उभी केलेले. त्यांच्या शर्टाच्या खिशात छोटी वही होती, माझं बोलणं ते तिच्यात टिपून घेत होते. विचलनाच्या तपासणीबद्दल मी प्रश्न विचारला आणि त्यांचं उत्तर माझ्या मनातल्या उत्तरापेक्षा चांगलं निघालं. मूल्यमापनाच्या कागदावर मी लिहिलं, "अनुभव जास्त, टिकणार नाहीत." ही जागा तुम्हाला का हवी आहे, हे मी त्यांना विचारलंसुद्धा नाही. ज्या मुलीला घेतलं ती १४ महिन्यांत गेली.

मला त्यांच्या कंटाळ्याची काळजी नव्हती. हा माणूस माझ्या चुका सगळ्यांसमोर काढेल याची धास्ती होती. आणि आता बघते तर त्या तिसऱ्या मुलाखतीत मी नेमकं तेच करून दाखवलं. त्यांची कार्यपद्धती हातात घेतली आणि दोन मिनिटांत दोन त्रुटी. त्या खोलीतली शांतता आता मला समजते. त्या गृहस्थांना आज गाठता आलं असतं तर माफी मागितली असती.

गुरुवारी सहावी मुलाखत आहे. हे बोलायचं ठरवलं आहे, कसं वाटतं सांगा:

"मी ७ वर्षं विभागप्रमुख होते, तरी मला ही छोटी जागा चालेल. पदाची मला हाव नाही. मी प्रामाणिकपणे कोणतंही काम करेन."

उंबरठा

तुम्ही हे इथे लिहिलंत, ते सोपं नव्हतं. असं लिहिलेले कागद माझ्या हातून रोज गेले आहेत आणि मीही ते पुढे सरकवलेत.

आता तुमची वाक्यं. "चालेल" काढा. चालेल म्हणजे नाइलाज, आणि नाइलाजानं आलेला माणूस जातो हेच तर त्यांना वाटतंय. "छोटी" काढा, कारण समोरचा त्याच जागेवरून वर आलेला असू शकतो. "कोणतंही काम" काढा, तुम्हाला कोणतंही काम नकोय, एक विशिष्ट काम हवंय. "हाव" हा शब्द तर त्यांनी उच्चारलेलाही नाही.

उरतं काय? ७ वर्षं प्रमुख असताना काय हरवलं ते. तुमच्या पहिल्या पोस्टमधला परिच्छेद उचला आणि तसाच बोला.

पिपेट

पुन्हा लिहिलं:

"मी ७ वर्षं विभागप्रमुख होते आणि त्या ७ वर्षांत एचपीएलसीवर बसायला जवळपास मिळालंच नाही. विश्लेषण हे माझं आवडतं काम आहे, म्हणून मी मुद्दाम याच जागेसाठी अर्ज केला आहे. माझ्यावर जे प्रमुख असतील त्यांच्यावर कामाचा किती ताण असतो हे मला माहीत आहे. माझ्याकडून त्यांना वेळेवर आणि नीट तपासलेले निकाल मिळतील. काही खटकलं तर आधी त्यांच्याशीच एकट्यात बोलेन."

शेवटचं वाक्य संध्याकाळची_पाळी यांच्या वहीवरून सुचलं. रेझ्युमेचं पहिलं पानही बदललं, आता वर उपकरणं आणि चाचण्या आहेत, पीएचडी शेवटच्या पानावर एका ओळीत. गुरुवारी त्यांनी कार्यपद्धती दाखवली तर ती अशी का लिहिली आहे हे आधी विचारणार आहे. मुलाखत झाली की इथेच कळवते.