रिकामा तुरुंग हाताशी असताना कोठड्यांचा सेट का बांधला?

सिद्धेश्वरपेठ:
सोलापूरच्या चार हुतात्म्यांवर 25 मिनिटांची शॉर्टफिल्म करतोय. 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात फाशी, त्याच्या आदल्या रात्रीचा प्रसंग. गजांआडून समोरासमोर बोलणं. येरवड्यात आजही कैदी आहेत, तिथला विषयच सोडला. अक्कलकोट रोडला बंद यंत्रमागाचं पत्र्याचं शेड मिळतंय, 60 बाय 30 फूट. 'शॉशँक रिडेम्प्शन' हा हॉलिवूडपट अमेरिकेतल्या मॅन्सफिल्डच्या जुन्या तुरुंगात झाला, तरी कोठड्या म्हणे सेटच्या. असं का? आणि गज पीव्हीसीचे चालतील?

पडद्यामागे:
मॅन्सफिल्डचा तुरुंग 1990 च्या अखेरीस बंद झाला, शूटिंग 1993 चं. आतला पूर्वेकडचा विभाग सहा मजली, पोलादी, बघत राहावं असा. अडचण एकच: कोठड्यांची तोंडं बाहेरच्या भिंतीकडे. कैद्याला समोर कैदी दिसतच नाही. दिग्दर्शकाला समोरासमोर हव्या होत्या, म्हणून जवळच्याच वेस्टिंगहाऊसच्या बंद कारखान्यात त्या उभ्या केल्या. खरा तुरुंग बाहेरून वगैरे वापरला.

तुमचा प्रसंगही समोरासमोरचाच, तेव्हा शेडच घ्या. चार कोठड्या नकोत, दोन पुरे: प्रत्येकी 10 बाय 7, मधे 8 फुटांचा बोळ. भिंतीवरचे पोपडे आणि घोंगड्यांच्या जागा बदलल्या की त्याच दोन चार होतात. प्रत्येकीची एक बाजूची भिंत नटबोल्टवर ठेवा. ती निघाली नाही तर कॅमेरा मागे सरकत नाही, वाइड लेन्स लावावी लागते आणि जवळच्या शॉटमध्ये नाक मोठं दिसतं. शेडमधल्या ट्यूबा आधी उतरवा. त्या बाजारात आल्या 1938 ला.

लोहारकाम:
हाताने धरायचं दार खऱ्या लोखंडाचं, बाकी पीव्हीसी. 3 बाय साडेसहा फुटी दाराला 16 मिमीचे 8 गज, मध्यापासून मध्यापर्यंत 4 इंच. गजांचंच वजन 25 किलो, चौकटीची 40 बाय 6 मिमीची पट्टी धरून 40 च्या आसपास. बिजागऱ्या प्लायवूडवर मारल्यात तर दुसऱ्या दिवशी दार लोंबेल. 50 मिमीचा चौकोनी पाइप जमिनीत बोल्टने पक्का करा.

पीव्हीसीच्या 20 मिमी पाइपात 8 मिमीची सळई घाला, नाहीतर धक्का लागला की गज थरथरतात. 120 नंबरचा पॉलिश पेपर मारूनच रंग द्या, गुळगुळीत पाइपावरून रंग सालपटासारखा निघतो. काळा रंग मॅटच. चकाकला की प्लॅस्टिक ओळखू येतं. हॅलोजन जवळ नको, पाइप वाकतो.

कानसेन:
गजांइतकीच काळजी आवाजाची. शेड बघायला शेजारचे माग चालू असताना जा, सुट्टीच्या दिवशी सगळंच शांत वाटतं. पत्रा संध्याकाळी निवताना कडकडतो, रात्रीचे सीन 9 नंतरच लावा.

घुमणं मारायला आपल्याकडे चादरींची कमी नाही. जाड जॅकार्ड चादर दुहेरी करून भिंतीपासून चार बोटं पुढे टांगा. भिंतीला चिकटवलेली जवळजवळ निरुपयोगी. तुरुंग घुमायलाच हवा, हे खरं. पण कोरडा आवाज एडिटमध्ये घुमवता येतो, घुमलेला कोरडा करणं फार अवघड.

सिद्धेश्वरपेठ:
आणि पीव्हीसीच्या दारांचा आवाज?

कानसेन:
लोखंडी दार दहा-बारा वेळा आपटून, कडी ओढून वेगळं रेकॉर्ड करा. बोळाच्या टोकाला एक माइक, दाराजवळ दुसरा. जवळच्या दाराला जवळचा आवाज, लांबच्याला लांबचा.